भरती सरकते, ड्युटी सरकत नाही

प्रश्न मालाडच्या एका सत्तावीस वर्षांच्या तरुणाचा आहे. गोरेगावला कंपनीत नोकरी, सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसहा, शनिवार-रविवार सुट्टी. दोन वर्षांपूर्वी रॉड आणि रील घेतलं, मालाडजवळच्या मार्वेच्या खाडीवर मासे गरवायला, म्हणजे गळाने पकडायला, जायला लागला, आणि आता ऑफिसात बसूनही डोळ्यांपुढे खाडीच येते. तो विचारतो: "एका मंगळवारी रजा काढून सकाळी अकराला मार्वेला गेलो, तर आठ-दहा जण आधीच गरवत बसलेले. हे हौशी लोक पोटासाठी नेमकं करतात काय? आणि मी नोकरी सोडून याच क्षेत्रात काही केलं तर जमेल का?"

मी रेल्वेत सिग्नलच्या कामाला आहे, एकतीस वर्षं झाली. गरवायला मात्र त्याच्याही आधीपासून जातो, वडिलांचा तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, धरून शिकलो. तेव्हा तुमच्या दोन्ही प्रश्नांना माझ्याकडे उत्तर आहे, पण दुसऱ्याचं उत्तर तुमच्या घरच्या परिस्थितीवर बरंचसं अवलंबून आहे. घरी कमावणारं आणखी कोणी आहे का, घराचा हप्ता आहे का, आईवडिलांची जबाबदारी किती, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यामुळे मी माझा विचार कसा चालतो ते सांगतो, हिशेब तुमचा तुम्ही घाला.

आधी त्या मंगळवारच्या माणसांबद्दल. ती रिकामटेकडी नसतात. मी अशा वेळी शेजारी बसलेल्यांशी इतकी वर्षं बोलत आलोय, म्हणून सांगतो. एक बेस्टचा ड्रायव्हर असतो, त्याची गाडी दुपारी दोनला निघणार असते. एक हॉस्पिटलातला वॉर्डबॉय, रात्रपाळी संपवून घरी न जाता थेट आलेला. एक विमानतळावर सामान चढवणारा. एक रिक्षावाला, ज्याच्या रिक्षावर दिवसा दुसरा भाऊ असतो आणि हा संध्याकाळी बसतो. जहाजावर काम करणारा एखादा असतोच, सहा-आठ महिने समुद्रावर काढून दोन-तीन महिन्यांच्या सुट्टीवर आलेला, आणि सुट्टीतही त्याला पाणीच हवं असतं. गोदीतून निवृत्त झालेले काका असतात, त्यांची जागा ठरलेली, तिथे दुसरं कोणी बसत नाही. एसी दुरुस्त करणारे असतात, ते थंडीत जास्त दिसतात, मार्च लागला की गायब. शनिवार-रविवारी चेहरे बदलतात. मग डॉक्टर, बँकेतली माणसं, शिक्षक, तुमच्यासारखी कंपनीतली मुलं. सी.ए. मंडळी जुलै आणि सप्टेंबरमध्ये शोधूनही सापडत नाहीत. माझ्या ओळखीच्या एक बाई सकाळच्या शाळेत शिकवतात आणि दुपारी दीडला सुटून अडीचला मनोरीच्या बाजूला पोचलेल्या असतात. मुडदुशा नावाचे मासे त्यांच्याइतके कोणालाच लागत नाहीत.

या सगळ्यांत पगाराचं, शिक्षणाचं, वयाचं काही साम्य नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी दिसणाऱ्यांत मात्र एक गोष्ट समान असते: त्यांचा मोकळा वेळ एका जागी खिळलेला नसतो. म्हणून मला वाटतं की तुमचा खरा प्रश्न "ही माणसं काय करतात" हा नाहीच. तुम्हाला छळतंय ते असं, की पाण्याची वेळ आणि तुमची वेळ जुळत नाही. ती का जुळत नाही हे एकदा नीट कळलं, की नोकरीचा निर्णय बराच सोपा होतो.

कोकणात आणि आपल्याकडच्या कोळीवाड्यांत एक जुना हिशेब आहे, माझ्या वडिलांनी मला तोच शिकवला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे साधारण सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहानंतर पूर्ण भरती. पंचमीला पावणेचार. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, कारण रोजची सरक सारखी नसते. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी सगळ्यात जास्त चढतं-उतरतं तेव्हा, ती चाळीस मिनिटांच्या आसपास असते; भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीनंतर चढ-उतार सगळ्यात कमी असतो तेव्हा, तासाच्याही पुढे जाते. सरासरी रोज पन्नास मिनिटं धरा. अचूक वेळेसाठी मोबाइलवर भरतीचं कोष्टक आहेच, पण हा हिशेब डोक्यात असला की पुढचे तीन महिने एका नजरेत दिसतात.

आता हे तुमच्या रविवारला लावून बघा. रोज पन्नास मिनिटं, म्हणजे सात दिवसांत साडेतीनशे मिनिटं, सहा तासांना दहा मिनिटं कमी. भरतीपासून ओहोटीपर्यंतही सुमारे सहा तासच लागतात. म्हणजे या रविवारी सकाळी सहाला पूर्ण भरती असेल, तर पुढच्या रविवारी सकाळी सहाला जवळजवळ पूर्ण ओहोटी. एक रविवार पाण्याचा, एक रविवार चिखलाचा. हा मेळ बदलतो, पण इतका हळू की फरक जाणवायला दोन महिने जातात. वर त्यात लग्नं, आजारपणं, मेगाब्लॉक आणि जून-जुलैचा खवळलेला समुद्र धरा. रविवारवर जगणाऱ्या माणसाला वर्षाकाठी चांगल्या पाण्याचे दिवस बोटांवर मोजण्याइतके मिळतात. तुमच्या कौशल्यात काही कमी नाही, तुमच्या वाट्याला पाणीच कमी येतंय.

पाळीवाल्याचं उलट होतं. माझी ड्युटी सकाळी सहा ते दोन, दोन ते दहा, रात्री दहा ते सहा अशी फिरते. पहिल्या पाळीच्या आठवड्यात दुपारी तीननंतरचं पाणी माझं, दुसऱ्या पाळीत पहाटेपासून दुपारपर्यंतचं. भरती कुठेही सरकली तरी कधी ना कधी ती माझ्या मोकळ्या वेळात येतेच. विश्रांतीचा दिवसही आठवड्याच्या मधला असतो, खडकावर गर्दी नसते. लोकलच्या मालडब्यात रॉड उभा करून जाता येतं. हे सुख खरं आहे, मी ते पुरेपूर भोगलंय.

पण त्याची किंमतही सांगितली पाहिजे, कारण पाळीची नोकरी शोधा असं मी सुचवतोय, असा तुमचा समज होईल अशी भीती मला वाटते. माझ्या मुलीच्या शाळेतल्या कार्यक्रमांना मी बहुतेक वेळा नव्हतो. दिवाळीच्या पहाटे कित्येकदा रुळांवर होतो. आणि झोप. साधारण पंधरा वर्षांपूर्वी रात्रपाळी करून मी थेट वांद्र्याच्या खडकांवर गेलो. पाणी चढतं होतं, हवा छान होती, रॉड खाचेत अडकवला, पाठ टेकली आणि डोळा लागला. जाग आली ती पायांना पाणी लागल्यावर. मी बसलो होतो तो खडक आणि किनारा यांच्यामधल्या घळीत कमरेएवढं पाणी शिरलं होतं. कसाबसा आलो, रॉड गेला, गुडघा फुटला.

भरती एकसारखी चढत नाही, हे मला पुस्तकी माहीत होतं, त्या दिवशी अंगावर आलं. सहा तासांतल्या पहिल्या तासात पाणी थोडंच चढतं, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात एकूण चढाच्या निम्मं. उधाणाला मुंबईत चार मीटरच्या आसपास फरक पडतो, म्हणजे मधल्या दोन तासांत सुमारे दोन मीटर. पुरुषभर पाणी. "अजून वेळ आहे" असं वाटतं नेमकं त्याच वेळी परतीची वाट बुडते. तेव्हापासून रात्रपाळीनंतर मी खडकावर जात नाही. जेट्टीवर जातो, तेही सोबत कोणी असेल तर. कामावरून थकून येणाऱ्या प्रत्येक हौशी माणसाला मी हे सांगतो, तुम्हालाही सांगतोय.

आता नोकरी सोडून याच क्षेत्रात उतरण्याबद्दल. वाटा आहेत, मी त्या जवळून पाहिल्या आहेत.

मासे पकडून विकणं ही वाट तुमच्या मनात असेल तर ती आत्ताच काढून टाका. माझ्याकडे वही आहे, प्रत्येक फेरीची तारीख, तिथी, पाणी, आमिष आणि काय लागलं ते लिहितो. अर्ध्याहून जास्त ओळींपुढे "रिकामा" असं आहे. तीन किलोचा रावस लागला की महिनाभर सांगतो, पण त्या रावसाच्या आधीच्या दहा रिकाम्या फेऱ्यांचं भाडं, कोळंबी आणि तुटलेले गळ कोण मोजतं? शिवाय त्या पाण्यावर ज्यांचं पोट आहे ते कोळी बांधव शेजारीच असतात. त्यांचं डोलीचं जाळं, म्हणजे वाहत्या पाण्यात बांधून ठेवायचं पिशवीसारखं जाळं, उधाणाच्या पाण्याच्या ओढीवर चालतं, बंदीचे दोन महिने म्हणजे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या नांगरून ठेवाव्या लागतात, आणि तरी घर चालवायचं असतं. तो पिढ्यांचा धंदा आहे, त्यात होडी, डिझेल, बर्फ, बाजार आणि घरातल्या बायकांची पहाटेची मेहनत आहे. एका रॉडवर त्याची बरोबरी होत नाही, आणि करूही नये.

दुसरी वाट साहित्याच्या दुकानाची. माझ्या एका मित्राने बँकेतली चांगली नोकरी सोडून रॉड-रीलचं दुकान काढलं. माणूस जाणकार, गिऱ्हाइकाला चुकीची वस्तू गळ्यात मारत नाही. पण गिऱ्हाईक येतं कधी? शनिवारी आणि रविवारी. पूर्वी निदान रविवारी गरवायला यायचा, आता रविवारीच दुकानात बसतो. पावसाळ्यात विक्री जवळजवळ थांबते, जागेचं भाडं थांबत नाही. त्याचं दुकान चाललंय, त्याला पश्चात्तापही नाही. पण "तुझ्याबरोबर शेवटचा कधी आलो होतो रे?" असं त्याने मला विचारलं तेव्हा आम्हा दोघांनाही आठवलं नाही.

तिसरी, लोकांना होडीतून मासेमारीला नेण्याची. यात पैसा आहे, पण तो मासेमारीचा धंदा नसून प्रवासी नेण्याचा धंदा आहे, हे लक्षात ठेवा. होडीची नोंदणी, महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाचा परवाना, प्रत्येकाला लाइफ जॅकेट, जाणता तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख, विमा. हंगाम ऑक्टोबर ते मे. वारा सुटला की आगाऊ घेतलेले पैसे परत. आणि होडीवर गरी दुसऱ्याच्या हातात असते, तुम्ही त्याच्या गळाला कोळंबी लावत असता. दुसऱ्याला मासा लागल्याचा आनंद ज्यांना स्वतःच्या माशाइतकाच होतो अशी माणसं आहेत, त्यांनी जरूर करावं.

व्हिडिओ करणाऱ्यांबद्दल थोडक्यात: जे टिकलेत ते मेहनती आहेत, पण मासा लागला की आधी कॅमेरा सांभाळावा लागतो. मला ते जमलं नसतं.

मला पटलेली वाट लहान आहे, आणि तिच्यासाठी नोकरी सोडावी लागत नाही. रील दुरुस्ती. समुद्राच्या मिठाने रीलची बेअरिंग धरतात, मासा दोरी ओढतो तेव्हा ती रोखणाऱ्या ड्रॅगच्या चकत्या झिजतात, लोक महागाचं रील टाकून नवीन घेतात. लालबागला एसीचं काम करणारे एक जण संध्याकाळी घरी बसून रील उघडतात, धुतात, ग्रीस भरतात, बेअरिंग नागदेवीच्या बाजारातून मापाने आणतात. हंगामात त्यांच्याकडे रांग असते. कोणी शिशाची वजनं ओतून विकतात. ते करायचं असेल तर उघड्यावर, मुलांपासून दूर, तोंडाला योग्य मास्क लावूनच करा. शिशाचा धूर आणि धूळ अंगात साठत जाते, आणि लहान मुलांना ती सगळ्यात जास्त बाधते. बंद खोलीत स्वयंपाकाच्या शेगडीवर शिसं वितळवणारे मी पाहिलेत आणि प्रत्येक वेळी भांडलोय.

माशांचं शास्त्रच शिकायचं असेल तर तो वेगळा रस्ता आहे. रत्नागिरीला शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आहे, वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. पण आधी मत्स्यशास्त्राच्या पदवीपासून सुरुवात करावी लागते, आणि त्यातून मिळणारी कामं मत्स्यशेती, संशोधन, सरकारी खातं अशी असतात. सत्ताविसाव्या वर्षी ते अशक्य नाही, फक्त ते गरवण्याच्या ओढीने करू नका, विषयाच्या ओढीने करा.

माझ्या या सावधपणामागे एक घरचं कारण आहे. माझे वडील लोअर परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या मागांवर, होते. पहिली पाळी साडेतीनला सुटली की पाणी असेल त्या दिवशी वरळीला जायचे, बाटलीला गुंडाळलेला तंगूस, टोकाला गळ आणि शिशाचा तुकडा, बस्स. गिरणगावातली कितीतरी माणसं अशी जायची. ते त्यांचं स्वतःचं असं एकच सुख होतं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. पहिले काही आठवडे त्यांना वाटलं, बरं झालं, रोज जाता येईल. नंतर रोज जावंच लागायला लागलं. आम्ही चार भावंडं. बाबांनी आणलेला शिंगाळा किंवा बोई हेच कालवण असायचं, आणि काही आणलं नाही तर भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा. मी दहा-अकरा वर्षांचा होतो, त्यांच्याबरोबर जायचो. मासा लागला की पूर्वी ते हसायचे. त्या वर्षी हसायचे नाहीत, पटकन पिशवीत टाकून दुसरी कोळंबी लावायचे.

पुढे त्यांना एका सोसायटीत रखवालदाराचं काम मिळालं. मी विचारायचो, "बाबा, चला ना रविवारी." ते म्हणायचे, "तू जा." जवळजवळ नऊ वर्षं त्यांनी गरी हातात घेतली नाही. एकदा मीच खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "पाण्याकडे बघितलं की अजून तुझ्या आईचा चेहरा दिसतो, दारात उभी राहून पिशवीकडे बघणारी." मी नोकरीला लागलो, पहिला पगार आणला, त्यानंतरच्या रविवारी ते स्वतःहून निघाले.

म्हणून मी सांगतो, घरभाड्याचं ओझं माशावर टाकू नका. आतापर्यंतचा हिशेब एवढाच: तुम्हाला कमी पडतंय ते पाणी, नोकरी सोडल्याने ते हमखास वाढेल असं नाही, आणि कदाचित आत्ता आहे ती गोडीही जाईल.

मग काय करता येईल? तुमच्याकडे अशी एक गोष्ट आहे जी बदलापूर-विरारच्या माणसाकडे नाही: मार्वे तुमच्या घरापासून अर्ध्या तासावर आहे. आणि तुमची ड्युटी साडेनऊला आहे, सातला नाही. पुन्हा पाऊणपटीचा हिशेब लावा. नवमीला भरती पावणेसातला, दशमीला साडेसातला, एकादशीला सव्वाआठला. म्हणजे या तीन सकाळी साडेपाच ते आठ या वेळात तुम्हाला चढत्या पाण्याचा शेवटचा, चांगला भाग मिळतो, आणि आठला निघालात तर अंघोळ करून वेळेत ऑफिस गाठता. शुक्ल पक्षातल्या तीन, वद्य पक्षातल्या तीन. महिन्याला सहा सकाळी, एकही रजा न काढता.

शिवाय हे भांगाचे दिवस आहेत. ओढ कमी, खाडीचं पाणी त्यातल्या त्यात निवळलेलं. माझ्या अनुभवात जिताडा आणि तिवरांच्या मुळाशी बसणारी तांब याच पाण्यात लुअरवर, म्हणजे माशासारख्या दिसणाऱ्या नकली आमिषावर, येतात, कारण त्यांना लुअर दिसतो. उधाणाच्या गढूळ पाण्यात वासाचं आमिष लागतं, आणि त्यावर शिंगाळाच जास्त येतो. म्हणजे तुमच्या नोकरीला सोयीचे दिवस आणि तुमच्या रॉडला सोयीचे दिवस एकच आहेत.

त्या सहांतल्या दोन दिवशी घरून काम किंवा साडेदहाची वेळ मिळते का, हे ऑफिसात विचारा. महिन्याच्या सुरुवातीला तारखा लिहून द्या आणि कारण खरं सांगा. आजारपणाच्या थापा मारून गेलेला माणूस पाण्यावरही निवांत नसतो, दर पाच मिनिटांनी फोन बघतो. माझ्या ओळखीतल्या दोघांना त्यांच्या साहेबांनी आनंदाने परवानगी दिली, एकाला नाही मिळाली. मागितल्याशिवाय तुमचं उत्तर तुम्हाला कळणार नाही.

जून-जुलैत खडक आणि उघडा किनारा सोडून द्या. महापालिका पावसाळ्यात साडेचार मीटरहून मोठ्या भरत्यांच्या तारखा जाहीर करते, त्या दिवशी तर पाण्याकडे फिरकूही नका. त्या दिवसांत रील उघडायला शिका. आधी स्वतःचं, मग मित्रांचं. हात बसला तर पुढे कमाईही होईल, आणि नाही झाली तरी तुमचं रील दहा वर्षं चालेल.

एक वर्ष असं करून बघा, वही ठेवा. वर्षाअखेर सत्तर-बहात्तर सकाळींपैकी निम्म्या जरी पाण्यावर गेल्या, आणि तरीही नोकरी नकोच वाटली, तर मला पुन्हा विचारा. तेव्हा मी तुमच्याबरोबर बसून होडीचा आणि दुकानाचा हिशेब करीन, आकड्यांसकट. येत्या दशमीला माझी दुसरी पाळी आहे, म्हणजे सकाळी मी मार्वेच्या जेट्टीवर असेन. जिवंत कोळंबी जरा जास्तच आणतो.